देवरे बोलतोय, मराठीत

फोन उचलला की देवरे सरांचं पहिलं वाक्य ठरलेलं असायचं. "हॅलो, देवरे बोलतोय, मराठीत."

समोरचा माणूस मराठी असला तर गोंधळून म्हणायचा, "हो, ते कळलं की." मराठी नसला तर बहुतेक वेळा फोन ठेवून द्यायचा. एकदा देवळाली कॅम्पातून एका सुभेदाराचा फोन आला होता. त्याला वाटलं 'मराठीत' हे गावाचं नाव. तो शांतपणे विचारत होता, "अच्छा जी, ये मराठीत नासिक से कितना दूर पड़ता है?"

घराच्या दारावर पाटी होती, 'सु. भि. देवरे'. आणि खाली बारीक अक्षरात, 'ही पाटी मराठीत आहे.' भाचीच्या लग्नाची पत्रिका छापायची जबाबदारी घरच्यांनी नको तेवढ्या विश्वासाने त्यांच्यावर टाकली, तेव्हा त्यांनी गणपतीच्या चित्राच्याही वर एक ओळ छापून घेतली : 'ही पत्रिका मराठीत आहे.' छापखान्यातून तीनदा फोन आला, ही ओळ खरंच ठेवायची का? पत्रिका वाटल्या गेल्या आणि व्याही भडकले. "आमच्याकडच्या लोकांना मराठी वाचता येत नाही असं सुचवायचंय का तुम्हाला?" लग्न मोडता मोडता राहिलं. देवरे सरांना मात्र व्याह्यांचाच राग आला होता. "आधी सांगितलं तर चिडतात," ते मला म्हणाले, "आणि न सांगता वाट लागली की मग विचारतात, असं कसं झालं हो!"

एकदा सिडकोतले काही कार्यकर्ते त्यांच्या घरी आले. मराठी पाट्यांसाठी आंदोलन करायचं होतं, आणि पाटीवर अशी ओळ लिहिणाऱ्या कडव्या माणसाला वॉर्डाचा अध्यक्ष करायचा त्यांचा विचार होता. देवरे सरांनी त्यांना पाणीसुद्धा विचारलं नाही. "मला सगळ्या भाषा चालतात हो! चिनी लिहा! अरबी लिहा! फक्त आधी सांगा की ही चिनी आहे!" कार्यकर्ते जिना उतरेपर्यंत हा आवाज त्यांच्या पाठीमागे येत होता.

मी या माणसाच्या शेजारच्या टेबलावर सहा वर्षं काढली. सातपूरला एका वर्कशॉपच्या वरच्या मजल्यावर आमचं ऑफिस होतं. खाली लेथ सुरू झाला की वर आमचे मॉनिटर थरथरायचे. आमचे मालक बोरस्ते कारखान्यांच्या आणि द्राक्ष बागायतदारांच्या वेबसाइट बनवून द्यायचे. मी पंचविशीतली, नुकती डिप्लोमा झालेली. देवरे सर पन्नाशीला टेकलेले. त्यांनी बावीस वर्षं सातपूरच्याच एका कारखान्यात इन्स्पेक्शनला काढली होती. कारखान्याने स्वेच्छानिवृत्तीची योजना आणली तेव्हा त्यांनी ती घेतली आणि कॉलेजच्या पोरापोरींबरोबर बसून कॉम्प्युटरचा कोर्स केला. वर्गातली पोरं त्यांना 'अंकल' म्हणायची, परीक्षा झाल्यावर 'सर' म्हणायला लागली.

आता हे वेड काय होतं ते सांगायला हवं, नाहीतर तुम्हीही त्या व्याह्यांसारखे रागवाल.

कॉम्प्युटरला अक्षर कळत नाही. त्याला आकडे कळतात. आपण 'क' टाइप केला की तो आकडे लिहून ठेवतो, आणि दाखवायच्या वेळी एका तक्त्यात बघून त्या आकड्यांचं परत अक्षर करतो. पण तक्ते एक नाही, अनेक आहेत. एका तक्त्यात ज्याचा 'क' होतो, दुसऱ्यात त्याचं भलतंच काहीतरी. म्हणून वेबसाइटच्या पानाने डोक्यावरच सांगायचं असतं की मला अमुक तक्त्याने वाचा. एवढी एक ओळ. ती नसली की आपल्या समोरचा ब्राउझर अंदाज बांधतो, आणि तेव्हाच्या ब्राउझरांचा अंदाज बहुतेक वेळा युरोपातच जाऊन पोचायचा.

नव्वदच्या दशकात तर याहून आनंद होता. प्रत्येक मराठी वेबसाइटचा फॉन्ट वेगळा. आत मजकूर इंग्रजी अक्षरांचा, त्याला वरून मराठी अंगरखा घातलेला. तो फॉन्ट तुमच्याकडे नसला की अंगरखा गळून पडायचा आणि पडद्यावर एबीसीडीचा कचरा उरायचा. देवरे सर याला 'फसवणूक' म्हणायचे, चुकूनही दुसरा शब्द वापरायचे नाहीत. मग युनिकोड आलं. जगातल्या साऱ्या लिप्यांना मिळून एकच तक्ता, आणि तो मजकूर वेबवर पाठवायची रीत म्हणजे यूटीएफ-८. देवरे सरांना हे नीट समजलं त्या दिवशी त्यांनी ऑफिसात पेढे वाटले. बोरस्तेंनी विचारलं, "काय सर, नातू झाला काय?" सर अविवाहित होते. ते गंभीरपणे म्हणाले, "त्याहून मोठं झालंय."

ते रागावले की बोलणं बागलाणी अहिराणी व्हायचं. मूळ गाव सटाण्याकडचं. एरवी शुद्ध शहरी बोलणारा हा माणूस कुणाच्या पानावर ती एक ओळ दिसली नाही की खुर्चीतून उठून ओरडायचा, "हाई काय शे?" आम्ही ओळखायचो, कुठेतरी कुणीतरी तक्ता सांगायला विसरलंय. मग ते त्या अनोळखी माणसाला पत्र लिहायचे. बँका, विद्यापीठं, सरकारी खाती, परदेशातली ग्रंथालयं, कुणीही सुटलं नव्हतं. 'महोदय, आपल्या संकेतस्थळाने आपली लिपी जाहीर केलेली नाही. आपण वाचकाला गृहीत धरले आहे.' उत्तर कुणाचंच यायचं नाही. पंधरा दिवसांनी स्मरणपत्र जायचं.

मी त्यांना एकदा विचारलं होतं, इतका संताप कशासाठी? त्यांनी मला कारखान्यातली गोष्ट सांगितली. परदेशातून एक ड्रॉइंग आलं होतं, त्यावर आकडे होते पण माप इंचात की मिलिमीटरमध्ये ते लिहिलेलं नव्हतं. साहेबांनी ठरवलं, मिलिमीटर असणार. अख्खा लॉट भंगारात गेला. "तेव्हापासून," सर म्हणाले, "नुसता आकडा दिसला की माझं डोकं फिरतं." मला ते पटलं. इन्स्पेक्शनमधल्या माणसाला असला राग शोभतो असं वाटलं, आणि मी पुढे काही विचारलं नाही.

मग सिंहस्थ आला.

सिंहस्थात नाशिकचं काय होतं ते नाशिककरांना सांगायला नको. देशाच्या कानाकोपऱ्यातून माणसं येतात, आणि इतकी माणसं आली की त्यातली काही हरवतातच. त्या वर्षी काही डॉक्टर, वकील आणि निवृत्त मास्तरांनी मिळून एक स्वयंसेवी समिती काढली. हरवलेल्यांना तपोवनातल्या मंडपात बसवायचं, नाव-गाव लिहून घ्यायचं, आणि ती यादी फोटोसकट वेबसाइटवर टाकायची. गावाकडच्या नातेवाइकांनी सायबर कॅफेत जाऊन बघावं आणि फोन करावा. वेबसाइटचा पत्ता बसवर, हँडबिलांवर, सगळीकडे छापला होता. काम आमच्याकडे आलं. बोरस्ते म्हणाले, इंग्रजीत आणि हिंदीत करून टाकू. देवरे सर उभे राहिले.

"आंध्रातली म्हातारी हरवली तर तिच्या घरचे इंग्रजीत शोधतील?"

नऊ भाषा ठरल्या. त्यातल्या सात सरांना वाचताही येत नव्हत्या. त्यांनी माणसं शोधली. गुजरातीला एक कापडवाले, तमिळला एक परिचारिका, तेलुगूला देवळालीतल्या एका हवालदाराच्या पत्नी. प्रत्येकाला समोर बसवून ते एकेक अक्षर दाखवायचे आणि विचारायचे, "हे बरोबर दिसतंय? नक्की? टिंब जागेवर आहे?" हवालदारांच्या पत्नी मला हळूच म्हणाल्या, "आपके सर तो परीक्षा ले रहे हैं."

पानं तयार झाली. प्रत्येकाच्या डोक्यावर ती ओळ होती. ऑफिसातल्या मशीनवर नऊही भाषा दागिन्यासारख्या उमटल्या. आम्ही ती पानं मुंबईच्या एका होस्टिंग कंपनीच्या सर्व्हरवर चढवली, आणि सायबर कॅफेत जाऊन उघडली.

एकही अक्षर वाचता येत नव्हतं. मराठीच्या जागी डोक्यावर तिरकी टोपी घातलेल्या 'ए'ची रांग, आणि मधेमधे जपानी येनची चिन्हं. सर पुटपुटले, "गोदावरीच्या काठी येन कुठून आले?" तेलुगू पानावर टोपीवाल्या 'ए'बरोबर अंशाची चिन्हं होती, तापमानाची असतात ना, तशी. प्रत्येक नावाला जणू ताप चढलेला.

कारण शोधायला सरांना अर्धा दिवस लागला. पान पाठवणारं मशीन, म्हणजे सर्व्हर, पानाच्या आधी स्वतःचं एक वाक्य पाठवतो. पाकिटावरच्या पत्त्यासारखं. पाकिटावर एक तक्ता लिहिलाय आणि आतल्या पानावर दुसरा, तर ब्राउझर पाकिटाचं ऐकतो. नियमच तसा आहे. मुंबईच्या कंपनीने नवा सर्व्हर बसवताना सरसकट प्रत्येक पाकिटावर 'पश्चिम युरोपीय' असा शिक्का मारायची सोय करून ठेवली होती. ऑफिसात आम्ही पान थेट डिस्कवरून उघडत होतो, मधे पाकीट नव्हतंच, म्हणून सगळं छान दिसत होतं.

"म्हणजे आतली बाई ओरडून सांगतेय मी तेलुगू," सर टेबलावर हात आपटून म्हणाले, "आणि दारातला वॉचमन सांगतोय ही फ्रेंच. आणि जग ऐकतं कोणाचं? वॉचमनचं!"

मुंबईला फोन लावला. पलीकडच्या सपोर्टवाल्याने ऐकून घेतलं आणि म्हणाला, "सर, माझ्या मशीनवर तर व्यवस्थित दिसतंय."

"तुमच्या मशीनवर दिसतंय म्हणजे झालं?"

"सर, प्रॉब्लेम तुमच्या साइडला असणार."

"अहो, तुमच्या मशीनवर कोण हरवलंय?"

मग तो म्हणाला, त्या सर्व्हरवर बऱ्याच कंपन्यांच्या वेबसाइट आहेत, एकासाठी सेटिंग बदलता येणार नाही, ई-मेल पाठवा. सरांनी ई-मेल पाठवली. दुसऱ्या दिवशी स्मरणपत्र पाठवलं. आमच्या फोल्डरमध्ये एक छोटी फाइल टाकून शिक्का बदलता येतो, तेही करून पाहिलं, पण कंपनीने ती सोयही बंद करून ठेवली होती. बोरस्ते म्हणाले, तोवर इंग्रजीत नावं टाका. टाकली. पण तेलुगू नाव आम्ही इंग्रजीत लिहिणार कसं, आणि ते त्यांच्या गावात वाचणार कोण?

त्या दिवसांत तपोवनातल्या मंडपात एक म्हातारी बसून होती. सत्तरीच्या पुढची, हातात काचेच्या हिरव्या बांगड्या, कुणाशी बोलायला तयार नाही. कुणी हिंदीत विचारलं की ती मान फिरवायची. सरांनी देवळालीहून हवालदारांच्या पत्नींना बोलावलं. त्या शेजारी बसून चार शब्द तेलुगूत बोलल्या, आणि म्हातारीने त्यांचा हात असा धरला की त्यांना तासभर उठता येईना. नाव नरसम्मा. गाव करीमनगरकडचं. नातवाबरोबर आली होती, गर्दीत हात सुटला. गावाचं नाव, घराण्याचं नाव, मारुतीच्या देवळामागचं घर, सगळं तिने सांगितलं आणि बाईंनी तेलुगूत लिहून दिलं. सरांनी ते फोटोसकट पानावर चढवलं. पण चेहऱ्यावर पदर ओढलेला, आणि कॅमेरा समोर धरला की ती खाली बघायची. फोटोवरून सख्ख्या मुलानेही ओळखली नसती. सगळी भिस्त अक्षरांवर होती, आणि अक्षरांना ताप चढला होता.

तीन दिवस गेले. ती रोज विचारायची, कुणी आलं का? सर रोज कॅफेत जाऊन पान उघडायचे, बघायचे आणि परत यायचे. चौथ्या दिवशी सकाळी त्यांनी मला घरी फोन केला. "देवरे बोलतोय, मराठीत. ताई, मुंबईला येता का? मला एकट्याला आत सोडणार नाहीत."

आम्ही सकाळच्या गाडीने गेलो. कंपनीचं ऑफिस थंडगार, काचेचं. मॅनेजर चाळिशीचे, गुजराती, मराठी छान बोलणारे. अतिशय सभ्यपणे त्यांनी आम्हाला त्यांच्या मशीनवर आमचं पान उघडून दाखवलं. सुंदर दिसत होतं. नऊही भाषा. "बघा," ते म्हणाले. "तुमच्याकडे काहीतरी सेटिंग..."

सर वाकून बघत होते. त्यांनी विचारलं, "तुम्ही वरच्या मेनूत जाऊन हाताने लिपी निवडली आहे का?"

"हो, एकदाच. तेवढं तर कुणीही करेल."

"कुणीही?" सर म्हणाले. "करीमनगरच्या सायबर कॅफेतला कुणीही? 'व्ह्यू'मध्ये जाऊन 'एन्कोडिंग' उघडून?" त्यांचा आवाज चढत चालला होता. मी त्यांच्या बाहीला हात लावला. ते थांबले. मग एकदम वेगळ्याच, हळू आवाजात त्यांनी विचारलं, "साहेब, तुमच्या आईचं नाव काय?"

"का?"

"सांगा तर."

"कांताबेन."

"तुम्ही गुजरातीत लिहून द्या."

मॅनेजरांनी गोंधळून कागदावर लिहून दिलं. सर सरळ बाहेर रिसेप्शनवर गेले, तिथल्या मुलीला म्हणाले "दोन मिनिटं", आणि तिच्या कॉम्प्युटरवर आमच्या यादीत नवीन नोंद केली. मी शेजारी उभं राहून एकेक अक्षर शोधायला मदत केली. मग त्यांनी यादी उघडली आणि मॅनेजरांना हाक मारली.

पडद्यावर टोपीवाला 'ए', त्याच्या शेजारी एक चिमुकला 'ए', परत टोपीवाला, परत चिमुकला, अशी ओळ होती.

"आता ह्यांना शोधा," सर म्हणाले. "तुमची आई आहे. परमुलखात आहे. चार दिवस झाले, कुणी आलं का म्हणून विचारतेय. शोधा."

मॅनेजर वळले, आतल्या खोलीत गेले, आणि काचेतून आम्हाला दिसलं की ते स्वतः तंत्रज्ञाच्या शेजारी खुर्ची ओढून बसलेत. आमच्यासाठी मागवलेला चहा अजून वाफाळत होता, तेवढ्यात काम झालं. एक ओळ. त्या एका ओळीसाठी आम्ही चार दिवस भीक मागत होतो! मला इतका राग आला होता की माझ्या डोळ्यांत पाणी आलं. सरांनी रिसेप्शनच्या मशीनवर पान परत उघडलं. कांताबेन स्वच्छ दिसत होत्या.

"ताई, हे नाव आधी काढा," सर घाईने म्हणाले. "त्या घरी आहेत."

दुसऱ्या दिवशी दुपारी मंडपातला फोन वाजला. नरसम्माचा नातू. तो नाशकात दोन दिवस शोधून, मग आजी एखाद्या गाडीत बसून गेली असेल या आशेने गावी परतला होता. मोडकंतोडकं हिंदी बोलत होता आणि बोलता बोलता रडत होता. सरांनी फोन घेतला. मला धाकधूक होती की ते आता कोणत्या ब्राउझरवर बघितलंत ते विचारणार. त्यांनी तेच विचारलं. मग विचारलं, नाव नीट दिसतंय ना, सगळी अक्षरं जागेवर आहेत ना. नातू म्हणाला, हो, सगळं दिसतंय. मग म्हणाला, हे पान त्याने परवाही उघडलं होतं. आणि त्याच्या आधीही. नुसता कचरा दिसला म्हणून बंद केलं.

"परसों भी थी इसमें वो?" त्याने विचारलं.

"थी," सर म्हणाले.

नातू आला, आजीला घेऊन गेला. तिने जाताना सरांच्या तोंडावरून हात फिरवला आणि काहीतरी म्हणाली. नातू रिक्षा बघायला पुढे गेला होता आणि तेलुगू समजणारं दुसरं कुणी जवळ नव्हतं, त्यामुळे काय म्हणाली ते आम्हाला कधीच कळलं नाही.

समितीने सरांचा सत्कार करायचं ठरवलं. सर गेले नाहीत. त्याऐवजी त्यांनी समितीला दोन पानी पत्र लिहिलं, की सत्काराच्या निमंत्रणाची ई-मेल लिपी जाहीर न करता पाठवण्यात आली आहे.

चार-साडेचार वर्षं गेली. सर निवृत्त झाले, आता खरोखरचे. समिती पांगली. एक दिवस बोरस्ते म्हणाले, "ती हरवल्याची वेबसाइट अजून चालूच आहे की. वैशाली, बंद करून टाक." मी बंद करायच्या आधी सहज यादी उघडली. प्रत्येक नावापुढे सरांनीच भरलेलं, 'घरी पोचले', 'घरी पोचल्या'. खाली खाली जात शेवटच्या नोंदीशी आले. तिच्यापुढे काही लिहिलेलं नव्हतं.

जुना, काळा-पांढरा फोटो. पंचवीस-सव्वीस वर्षांचा तरुण, शर्टाचं वरचं बटण लावलेलं, नजर कॅमेऱ्याच्या जरा बाजूला. यशवंत भिका देवरे. सटाण्याच्या एसटी स्टँडवरून गेले. मन ठिकाणावर नसतं. उजव्या भुवईवर व्रण. अहिराणी बोलतात, मराठी समजतं. आता वय पन्नासच्या आसपास असेल. ही माहिती नऊही भाषांत दिलेली होती. नोंदीची तारीख सिंहस्थ संपल्यानंतरची.

मी त्याच दुपारी त्यांच्या घरी गेले. सर गॅलरीत बसून कोथिंबीर निवडत होते. मी काय बघितलं ते सांगितलं. ते निवडतच राहिले.

"धाकटा," ते म्हणाले. "त्याला नाशिकला डॉक्टरकडे न्यायला मी सटाण्याला गेलो होतो. गाडी किती वाजता सुटते ते विचारायला खिडकीशी गेलो, बाकावर परत आलो तर नव्हता. आई होती तोवर रोज शोध चालायचा. पोलीस, पेपर, सगळं झालं. पेपर मराठी, तो गेला कुठल्या मुलखात कोण जाणे. तिथल्या माणसाला कळणार कसं, हा कोणाचा आहे म्हणून?" त्यांनी एक पिवळं पान बाजूला टाकलं. "सिंहस्थात ते पान झालं तेव्हा वाटलं, आता कुठेही वाचता येईल. समितीची परवानगी घेतली नव्हती, ताई. चूक झाली. काढायचं असेल तर काढा."

मी बोरस्तेंना जाऊन सांगितलं. ते म्हणाले, "राहू दे की. कुणाला नडतंय?"

त्यानंतर वर्षभराने त्या पानावरच्या पत्त्यावर एक ई-मेल आली. बंगालीत. सरांना वाचता येईना, मलाही नाही. आम्ही ती छापून सराफ बाजारात घेऊन गेलो. तिथे एका पेढीच्या मागच्या खोलीत दागिने घडवणारा बंगाली कारागीर होता, बबलू. त्याने हातातला चिमटा खाली ठेवला, कागद उजेडाकडे धरला आणि हिंदीत सांगायला लागला. लिहिणारी बाई बंगालमधल्या एका छोट्या गावात स्टेशनजवळ औषधांचं दुकान चालवते. स्टेशनवर तीन माणसं बरीच वर्षं राहतात, कुणाची ती कुणाला माहीत नाही. त्यातल्या एकाच्या भुवईवर व्रण आहे. तिने त्याला फोटो दाखवला, तो काही बोलला नाही. तुम्ही लिहिलेल्या नावाने हाक मारली, तो वळला नाही.

"अब पूछ रही है," बबलू म्हणाला, "कि घर में किस नाम से बुलाते थे? हमारे यहाँ घर का नाम अलग होता है ना."

सर खुर्चीच्या कडेला बसले होते. इतक्या वर्षांत, नऊ भाषांत, पानावर सगळं लिहिलं होतं त्यांनी. ते लिहायचं राहिलं होतं.

"बापू," ते म्हणाले. "आम्ही बापू म्हणायचो."

बबलूने तिथेच, दागिन्याच्या पावतीच्या मागे बंगालीत ते लिहून दिलं. सरांनी घरी जाऊन तिला उत्तर पाठवलं, आणि पानावर ते नाव नऊही भाषांत चढवलं. मी शेजारी बसले होते. प्रत्येक लिपीतल्या दोन अक्षरांवर बोट ठेवून ते मोठ्याने वाचत होते, येत असो वा नसो.

आठवड्याने उत्तर आलं. आम्ही परत सराफ बाजारात गेलो. बबलूने आधी मनात वाचलं, आणि आम्ही त्याच्या चेहऱ्याकडे बघत राहिलो. मग तो एकेक वाक्य थांबत थांबत सांगायला लागला.

तिने भुवईवर व्रण असलेल्याला 'बापू' म्हणून हाक मारली. तो वळला नाही. मग बाकीच्या दोघांनाही मारून बघितली, न जाणो. तेही वळले नाहीत. तिला वाईट वाटतंय. पुढच्या स्टेशनवरही अशी काही माणसं असतात, रविवारी दुकान बंद असतं तेव्हा ती तिथे जाऊन हाक मारून बघणार आहे.

"बस, इतना ही है," बबलू म्हणाला.

सरांनी कागद घेतला, त्याकडे बघितलं, आणि परत त्याच्यापुढे धरला.

"ते रविवारचं," ते म्हणाले, "परत एकदा वाचा ना."